बाळ काचेत असताना बापानं नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलं बाळंतपण, बायको माहेरी. तिसाव्या आठवड्यात बीपी वाढलं आणि तातडीनं सिझर करावं लागलं. बाळ १२५० ग्रॅमचं. त्या दवाखान्यात सोय नसल्यानं बाळाला शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हलवलं, बाळंतीण मात्र पहिल्याच दवाखान्यात. नवरा दोन्हीकडे पळतोय, झोप नाही, नोकरीवर रजा मोजकी, आणि येणारा प्रत्येक जण 'तू खंबीर राहा' म्हणून जातोय. त्यानं काय करावं?

'खंबीर राहा' हा सल्ला द्यायला सोपा असतो, पण करायचं काय ते त्यात सांगितलेलं नसतं. एनआयसीयूत बापाच्या वाट्याला दोन प्रकारची कामं येतात. एक म्हणजे धावपळ: डिपॉझिट, औषधांच्या चिठ्ठ्या, लॅब, रक्तपेढी, डबा, फोन. दुसरं बापपण: बाळाला हात लावणं, डॉक्टर काय म्हणतात ते समजून घेणं, बायकोपाशी बसणं. धावपळ कधीच संपत नाही, आणि ती करताना आपण काहीतरी करतोय असं वाटत राहतं, म्हणून बहुतेक जण तिच्यातच अडकतात. दहा दिवसांनी मेडिकलवाला त्यांना चेहऱ्यानं ओळखतो, पण बाळाला दर दोन तासांनी नळीवाटे किती मिली दूध जातं ते त्यांना सांगता येत नाही. बाळ घरी आल्यावर सगळ्यात जास्त बिथरतात तेही हेच बाप.

म्हणून आजच धावपळ वाटून टाका. औषधं आणि लॅब मेव्हण्याकडे किंवा भावाकडे. डबा एका घराकडे. नातेवाइकांचे फोन एका माणसाकडे. त्यानं रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाकायच्या, बाकी कुणी तुम्हाला फोन करायचा नाही. मदत करू का विचारणाऱ्यांना 'गरज लागली तर सांगतो' असं म्हणू नका, तिथल्या तिथे काम द्या. तीन गोष्टी मात्र दुसऱ्या कुणाला देऊ नका: डॉक्टरांशी बोलणं, बायकोला बातमी देणं आणि बाळाला छातीशी धरणं.

बायकोला काय सांगायचं

घरातली मोठी माणसं हमखास म्हणतील, 'तिला काही सांगू नकोस, टेन्शननं दूध आटेल.' हे ऐकू नका. बाळ दुसऱ्या रुग्णालयात आहे, आपण ते पाहिलेलंही नाही आणि सगळे गोड गोड बोलताहेत, यावरून कुठलीही आई वाईटातलं वाईट गृहीत धरते. नंतर खरं कळलं की तुमच्यावरचाही भरवसा जातो, आणि पुढचे पाच-सहा आठवडे तुम्हाला त्याच भरवशावर काढायचे आहेत.

खरं सांगायचं, पण नेमकं सांगायचं. 'बाळ बरं आहे' हे वाक्य काहीच सांगत नाही. 'सीपॅपवर आहे, म्हणजे श्वास स्वतः घेतंय, फक्त नाकातून हवेचा दाब देताहेत. ऑक्सिजन ३० टक्के लागतोय, काल ३५ लागत होता. दोन मिली दूध सुरू केलंय.' असं सांगा. सिस्टरांची परवानगी घेऊन बाळाचा फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून. फोटो दाखवण्याआधी कुठली नळी कशासाठी आहे ते सांगा, नाहीतर तिला आधी नळ्याच दिसतात. बाळंतिणीचं बीपी आटोक्यात आलं की तिला बाळ असलेल्या रुग्णालयात हलवता येईल का, किंवा निदान व्हीलचेअरवरून तासभर आणता येईल का, हे तिच्या डॉक्टरांना पहिल्या दोन दिवसांतच विचारा. न विचारता हे आपोआप घडत नाही.

आणखी एक काम तुमचंच आहे. 'ही जिने चढायची', 'पपई खाल्ली असेल', 'ग्रहण पाळलं नाही' असली वाक्यं तिच्या कानावर पडण्याआधी थांबवा. तिच्या बाबतीत कारण कागदावर लिहिलेलं आहे: गरोदरपणातला उच्च रक्तदाब. तो कामानं होत नाही, खाण्यानंही होत नाही. तिच्या माहेरी हे बोलणं अवघड जातं हे खरं, पण जावयाच्या तोंडून आलेलं वाक्य तिथे ऐकलं जातं.

दूध: बाप इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचं दूध औषधाइतकंच महत्त्वाचं, कारण वरच्या दुधानं त्याच्या आतड्याला गंभीर इजा होण्याचा धोका वाढतो. बाळ स्वतः ओढू शकत नाही, म्हणून दूध काढावं लागतं. सिझरनंतर शक्य तितक्या लवकर, जमल्यास पहिल्या सहा तासांतच हातानं काढायला सुरुवात करायची, आणि मग दर दोन-तीन तासांनी, दिवसातून किमान आठ वेळा, त्यात एकदा तरी रात्री. पहिल्या दोन दिवसांत थेंबच निघतात आणि सगळ्यांचा धीर सुटतो. त्या थेंबांना कमी लेखू नका, बाळाला त्या वेळी लागतातही थेंबच. गफलत होते ती पुढे: दोन-तीन दिवस कमी निघालं म्हणून दोन वेळा चुकवल्या जातात, मागणी घटली की दूध आणखी घटतं, आणि मग 'हिला दूधच नाही' असा शिक्का बसतो.

तुम्ही काय करायचं? गजर लावायचा, वेळ आणि मिली वहीत लिहायचे, पंपाचे भाग धुऊन उकळायचे, तिला पाणी आणि खायला द्यायचं, रात्री तीनच्या वेळेला तिच्यासोबत उठायचं. डबीवर आईचं नाव, तारीख आणि वेळ लिहायची. दुधाची ने-आण बर्फाच्या पॅकसह थर्मासपेटीत. ताजं दूध बाहेर साधारण चार तास, फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चोवीस तास चालतं. फ्रिजच्या दारात ठेवू नका, थंड दुधात नुकतंच काढलेलं कोमट दूध मिसळू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच गरम करू नका. तुमच्या युनिटचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळा. तिला चालू असलेली बीपीची औषधं स्तनपानाला चालतात ना, हे दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. बहुतेक वेळा चालतात, पण कुणी स्पष्ट न सांगितल्यानं कितीतरी घरांत दूध फेकून दिलं जातं.

सुरुवातीला पुरेसं निघालंच नाही तर मिल्क बँकेचं दूध मिळतं का ते विचारा. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. आता महाराष्ट्रात इतरत्रही अशा पेढ्या आहेत. ते दूध तपासलेल्या मातांचं आणि पाश्चराइझ केलेलं असतं. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीचं दूध परस्पर आणून देणं मात्र टाळा, त्यातून संसर्ग जाऊ शकतो.

आत गेल्यावर

घड्याळ, अंगठी, मनगटातला गंडा किंवा धागा काढा, बाह्या कोपरापर्यंत वर घ्या, आणि साबणानं ४० ते ६० सेकंद हात धुवा. अंगठा आणि नखांच्या कडा बहुतेकांच्या राहतात. मोबाइल बाहेर ठेवा. आत न्यायचाच असेल तर तो पुसा आणि त्याला हात लावल्यावर सॅनिटायझर पुन्हा लावा. सर्दी-खोकला, ताप किंवा जुलाब असतील त्या दिवशी आत जाऊ नका, त्या दिवशी मेव्हण्याची कामं तुम्ही करा.

पहिला स्पर्श कसा करायचा हे कुणी सांगत नाही, आणि बाप एका बोटानं बाळाच्या हातावरून फिरवत राहतो. एवढ्या लहान बाळाला हलकं गोंजारणं त्रासदायक होतं. एक तळवा डोक्यावर आणि दुसरा पायांशी, न हलवता, थोडा दाब देऊन ठेवा, पाच-दहा मिनिटं. हात आधी गरम करा. बाळानं बोटं फाकवली, उचकी लागली, रंग बदलला किंवा ते पाठीतून ताणलं तर त्याला पुरे झालंय असं समजा. हात झटकन न काढता हळूच काढा. आवाज खालच्या पट्टीत. काचेवर टकटक नको, पेटीवर डबी आपटू नका.

मॉनिटरकडे बघत बसू नका, बाळाकडे बघा. तरी आकडे दिसणारच, म्हणून एवढं ठाऊक असू द्या: हृदयाचे ठोके साधारण १२० ते १६० असतात. ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, मुद्दाम ९० ते ९५ च्या घरात ठेवतात. १०० दिसलं की बाप खूश होतो, पण ऑक्सिजनवरच्या बाळाला ते १०० चांगलं नाही, जास्तीच्या ऑक्सिजननं डोळ्यांच्या पडद्याला इजा होते. वीस सेकंदांपेक्षा जास्त श्वास थांबणं या वयाच्या बाळांत वारंवार होतं, कारण मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून पक्कं झालेलं नसतं. त्यासाठी कॅफीनचं औषध देतात आणि सिस्टर तळपाय चोळून श्वास पुन्हा सुरू करतात. अलार्म वाजला आणि सिस्टर शांतपणे चालत आल्या, तर बहुधा सेन्सरच सैल झालेला असतो.

वजनाचंही तसंच. पहिल्या आठवड्यात १२५० चे ११०० च्या आसपास होणं अपेक्षित आहे. जन्माचं वजन परत यायला दहा-चौदा दिवस लागतात, नंतर रोज किलोमागे १५ ते २० ग्रॅम वाढ धरतात. यावरून हिशेब केला तर सगळं नीट चाललं तरी मुक्काम पाच-सहा आठवड्यांचा. 'पुढच्या सोमवारी सोडतील का' हे रोज विचारण्यापेक्षा तेवढ्या दिवसांची तजवीज केलेली बरी.

कांगारू पद्धत फक्त आईसाठी नाही

१९७० च्या दशकाच्या अखेरीला कोलंबियात बोगोटामध्ये, इनक्युबेटर पुरत नसताना सुरू झालेली ही पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं, आता कमी वजनाच्या बाळांच्या उपचाराचाच भाग आहे. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीत ठेवलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे पाव हिश्शानं घटले. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून दिवसाला ८ ते २४ तास सांगते. एकटी आई, तीही सिझरची, एवढे तास कुठून काढणार? तुमचे तीन-चार तास इथे हवेतच. आई दुसऱ्या दवाखान्यात आहे तोवर तर पहिला नंबर तुमचाच.

कृती अशी. अंघोळ करून या, अत्तर-डिओ नको. पुढून बटणाचा सैल शर्ट घाला, आत बनियन नको. छातीवर केस असले तरी काही बिघडत नाही, काढू नका. आधी लघवीला जाऊन या, पाणी प्या. खुर्ची ३० ते ४५ अंश मागे कललेली हवी. आडवं झोपायचं नाही. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. सिस्टर त्याला तुमच्या छातीच्या मधोमध उभं ठेवतील: डोकं एका बाजूला वळलेलं, मान किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते, हात कोपरात आणि पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून कापडी पट्टा, कानाच्या खालच्या पातळीपर्यंत. मग शर्ट. एकदा धरलं की किमान एक तास ठेवायचं, कारण उचल-ठेव करण्याचाच बाळाला शीण होतो. मधून मधून बघत राहा: नाक मोकळं आहे का, हनुवटी छातीला टेकली नाही ना, ओठ गुलाबी आहेत का. मोबाइलवर रील बघत बसलात तर हेच चुकतं. सीपॅपवरच्या बाळालाही सिस्टरांच्या मदतीनं असं धरता येतं.

युनिटमध्ये 'फक्त आई' असा फलक असला तरी विचारा. बाळ ज्या वेळी आईविना आहे ती वेळ सांगून मागितलं तर बहुधा परवानगी मिळते. आणि घरून 'सोहेर आहे, बारा दिवस बापानं शिवू नये' असं आलं, तर बाकीचे विधी पाळा, हे मात्र थांबवू नका.

डॉक्टरांशी बोलताना

रोज एकाच ठरावीक वेळी, वही घेऊन. चार प्रश्न पुरतात: कालपेक्षा काय बदललं, आज काय करणार, तुम्हाला कशाची काळजी वाटते, आमच्याकडून काय हवं. 'स्टेबल' म्हणजे परिस्थिती बदललेली नाही, धोका टळला असा त्याचा अर्थ नाही. मेंदूची सोनोग्राफी कधी होणार आणि काय दिसलं, हे पहिल्या आठवड्यात विचारा. रक्त द्यायचं म्हटल्यावर घाबरू नका. इतक्या बाळाला एका वेळी साधारण १५-२० मिली लागतं. तुमचं स्वतःचं रक्त सहसा बाळाला देत नाहीत, जवळच्या नात्यातलं रक्त विकिरण केल्याशिवाय देण्यात धोका असतो. तुम्ही बदली दाता म्हणून रक्तपेढीत द्या.

पैसा आणि रजा

बिल तुंबल्यावर भांडण होतं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी आतापर्यंतचं बिल मागा. रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या प्रतिनिधीला, पहिल्याच दिवशी रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. भरती झाल्यावर पंधरा दिवसांनी गेलात तर मागचा खर्च बहुधा तुमच्याच अंगावर पडतो. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात, त्यासाठी तिथल्या समाजसेवकाला भेटा. कंपनीचा ग्रुप विमा असेल तर बाळाचं नाव लगेच एचआरला कळवा, बऱ्याच पॉलिसींत ते ठरावीक मुदतीतच घालता येतं. जन्मनोंदणी २१ दिवसांच्या आत करून घ्या.

पैसे संपत आले तर बाळाला 'स्वतःच्या जबाबदारीवर' घरी नेऊ नका. संपण्याआधी सांगा आणि सरकारी एसएनसीयूत (नवजात बाळांच्या विशेष विभागात) बदली मागा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि वाहतूक मोफत आहे. आधी खाट आहे का याची फोनवर खात्री करून घ्या, मगच ऑक्सिजन आणि ऊब टिकवण्याची सोय असलेल्या रुग्णवाहिकेनं हलवा.

रजेची चूक जवळपास सगळेच करतात: पहिल्या दहा दिवसांत संपवून टाकतात. बाळ घरी येतं तेव्हा एकही उरत नाही, आणि खरी कसोटी तेव्हाच असते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. खासगीत कंपनीच्या धोरणावर आहे. आता चार-पाच दिवस घ्या, मधल्या काळात अर्धा दिवस कामावर जा, आणि उरलेली बाळ सोडण्याआधीचे दोन दिवस व नंतरचे दोन आठवडे यासाठी राखून ठेवा. मधल्या काळात कामावर जाणं म्हणजे बाळाला टाकून जाणं नव्हे.

तुमचं स्वतःचं

पुरुषांत हा ताण रडण्यातून कमी आणि चिडण्यातून जास्त दिसतो: बिलिंग काउंटरवर आवाज चढणं, सिस्टरांवर संशय, गरज नसताना उशिरापर्यंत ऑफिसात बसणं, दारू, किंवा काही ना काही कारण काढून आत जाणंच टाळणं. बाळाशी जीव जडला आणि ते गेलं तर, या भीतीनं बाप लांब राहतो. रात्री घरी मॉनिटरचा आवाज ऐकू येणं, फोन वाजला की छातीत धस्स होणं हेही होतं. बाळ धोक्याबाहेर आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी हे उसळून येतं, आणि 'आता तर सगळं ठीक आहे' म्हणून कुणाला सांगितलं जात नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, चिडचिड सुधारत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

तोवर हिशेबात बसेल एवढं करा. रात्री सलग पाच तास झोप, आणि ती एनआयसीयूबाहेरच्या बाकावर नाही. रात्रीचा फोन एक दिवसाआड भावाकडे; रुग्णालयात दुसरा नंबर त्याचाच लिहून ठेवा. न झोपता दोन गावांमध्ये मोटारसायकल चालवू नका, एसटी किंवा रिक्षा करा. शेजारच्या बाळाच्या बापाशी बोला, पण वजनांची तुलना करू नका. ३३ आठवड्यांचं आणि ३० आठवड्यांचं बाळ वेगळं असतं.

सोडण्याच्या आधी आणि नंतर

बाळ सलग काही दिवस वजन वाढवतंय, सगळं दूध तोंडानं घेतंय, ऊब स्वतः टिकवतंय आणि पाच-सात दिवसांत श्वास थांबलेला नाही, इतकं झालं की सोडतात. वजन तेव्हा बहुधा १६०० ते १८०० ग्रॅम असतं. त्याआधी वाटी-चमच्यानं दूध पाजणं, औषधाचे थेंब मोजणं आणि श्वास अडला तर काय करायचं हे तुम्ही स्वतः, सिस्टरांसमोर, हातानं करून दाखवा. नुसतं आईला येऊन भागत नाही.

घरी धुरी, बाळगुटी, मध, काजळ, नाका-कानात तेल यातलं काहीही नको. धुरीचा धूर या फुप्फुसांना सोसत नाही. तुम्ही सिगारेट ओढत असाल तर घराबाहेरच, आणि शर्ट बदलल्याशिवाय बाळाला घेऊ नका. बारसं पुढे ढकला.

आरओपीसाठी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारासाठी, डोळ्यांची तपासणी जन्मापासून चौथ्या आठवड्यात, तिसाव्या दिवसाच्या आत व्हायलाच हवी, मग बाळ रुग्णालयात असो वा घरी. पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर एक-दोन आठवड्यांनी, पडदा पूर्ण वाढेपर्यंत. लेझर लागेल म्हटलं तर दोन-तीन दिवसांत करायचं, 'गावी जाऊन येतो' असं नाही. बाहेरून डोळा अगदी छान दिसत असताना आतली दृष्टी कायमची जाते. कानांची तपासणी सोडण्याआधी किंवा पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत. मान धरणं, बसणं हे 'करेक्टेड' वयानं, म्हणजे लवकर जन्मल्याचे आठवडे वजा करून, मोजा: तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं सहा महिन्यांचं बाळ त्या हिशेबानं पावणेचार महिन्यांचंच असतं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणे, दहा आठवडे वजा न करता.